चादरीच्या कोपऱ्यातलं निळं फूल

उर्बिनो, शनिवार, दिवेलागणीच्या आधी

तीर्थस्वरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा, इन्कोरोनाताचा, वाकून नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. (वाकणं कागदावरच. खरोखर वाकले तर मला उभं करायला लॉजमधली चार माणसं लागतील.) तुमचा खोकला कसा आहे? अंजिराचा काढा घेता की नुसता उकळून ठेवता? तपकिरी शेळी व्याली असेल, तिला पहिले दोन दिवस कोमट पाणी द्या. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे तुमचे बंधू खुशाल आहेत आणि मी जिवंत आहे. आता तुम्हाला पहिल्यांदा काय विचारायचंय ते मला ठाऊक आहे, म्हणून आधी तेच लिहिते. सासूबाईंची चादर सुखरूप आहे. हे वाक्य वन्सं, तुम्ही दोनदा वाचा, पाणी प्या, आणि मगच पुढे वाचायला घ्या.

हे पत्र मी पाय बादलीत सोडून लिहिते आहे. बादली नाझारेनाची आहे, ती कोण ते पुढे येईल. या गावात सपाट जमीन म्हणून नाही. चर्चला जायचं तर चढण, चर्चमधून यायचं तर चढण, हे कसं जमवलंय ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. आपलंही गाव डोंगरावरच आहे, पण आपल्या डोंगराला निदान एक बाजू उताराची आहे. त्यात लॉज तिसऱ्या मजल्यावर आणि पायऱ्या अठ्ठावन्न. मी रोज मोजते, कधीतरी एखादी कमी होईल या आशेने. लग्नाआधी नवऱ्यामुलाच्या घरी मुलीकडच्यांनी झोपायचं नाही, म्हणून लॉज. आणि आपल्या नातीचे, तित्सियानाचे, आईबाप जर्मनीहून उद्या सकाळी थेट चर्चमध्ये पोचणार, कारखान्याने तेवढीच रजा दिली, म्हणून नवरीचा पलंग सजवायचं काम माझ्यावर. ते तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच तर पेटाऱ्याची किल्ली काढून चादर माझ्या हातात ठेवलीत, आणि वर म्हणालात, "इन्कोरोनाता, हिला काही झालं तर परत येऊ नकोस." तुमचं हे बोलणं मी फोज्जापर्यंत ऐकत होते आणि फोज्जाला गाडी बदलल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

लॉजचं नाव 'दोन पाकोळ्या'. मालकीण एर्सिलियाबाई चांगली बाई, पण आल्या आल्या आमची ओळखपत्रं घेऊन खणात टाकली आणि त्याबदल्यात एक किल्ली दिली, तिला पितळेचा गोळा लावलेला, आपल्या मीठ कुटायच्या बत्त्याएवढा. तुमच्या बंधूंनी तो खिशात घातला आणि पँट एका बाजूने खाली आली. तेव्हापासून ते चौकातल्या बाकावर बसून असतात. तिथे त्यांना पत्ते खेळणारे तीन म्हातारे मिळालेत, भाषा निम्मी कळते, पण हरल्यावरच्या शिव्या सगळ्यांना सारख्याच येतात. लग्नाला आलेत की पत्ते खेळायला, हे मी विचारलं नाही. मला चढायचं होतं.

आता खाट. दोन खाटा, स्वच्छ, नाही म्हणणार नाही. पण चादर गादीखाली अशी दाबून खोचलेली की पहिल्या रात्री मी आत शिरले ती पाकिटात पत्र शिरावं तशी, आणि पायाची बोटं सकाळपर्यंत एका बाजूला झुकलेली. पहाटे पाचला उठले. आता वन्सं, तुम्हीच सांगा, परक्या घरात उठल्यावर अंथरूण तसंच टाकून बाई बाहेर पडेल का? मी दोन्ही खाटा नीट केल्या, फरशी पुसली, न्हाणीघराचा नळ राखेने नसला तरी माझ्या जुन्या मोज्याने चकचकीत केला, आणि कपडे पिशवीत भरून पिशवी खाटेखाली सारली. आठला नाझारेना आली. ती इथली कामवाली, पन्नाशीची, दंड माझ्या मांडीएवढे. तिने खोलीभर पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आजी, माझ्या हाताला काही रोग झालाय का?"

मी म्हटलं, नाही बाई, का?

"मग माझं काम तुम्ही का करता? गेल्या वीस वर्षांत मालकिणीने माझ्या खाटांना नावं ठेवली नाहीत, आणि तुम्ही खालून वर येऊन मला शिकवणार."

(खालून म्हणजे दक्षिणेतून. इकडे आपल्याला तसंच म्हणतात, जणू आपण तळघरात राहतो.) मग मीही ऐकवलं की माझ्या घरी पाहुणा स्वतःचं ताट विसळतो. ती म्हणाली, मग तुमच्याकडे पाहुणे येत नसतील. बुधवारचा सगळा दिवस आम्ही जिन्यात एकमेकींकडे पाहिलं नाही, आणि अठ्ठावन्न पायऱ्यांच्या जिन्यात न पाहणं सोपं नसतं. संध्याकाळी तिनेच लिंबाच्या सालीची बिस्किटं आणून दिली. मी आपल्याकडचं सुकं सॉसेज कापलं. तह झाला. ठरलं असं की खाटांना मी हात लावायचा नाही, खाटेवर जे असेल ते तिचं. मी शपथ घेतली. वन्सं, सगळा अनर्थ या तहातून झाला, भांडण तसंच चालू राहिलं असतं तर बरं होतं.

कारण गुरुवारी सकाळी मी चादर उलगडून पाहिली. बारा वर्षं पेटाऱ्यात घडी पडून घड्यांच्या रेघा अशा बसलेल्या की नकाशा वाटावा. इस्त्री मागायला लाज वाटली (लग्नाच्या चादरीला परकी इस्त्री लावायची नाही, हेही तुमचंच म्हणणं), तेव्हा ती मी माझ्या खाटेवर पसरली, हाताने सारखी केली, वरून पलंगपोस घातला, म्हणजे रेघा आपोआप बसतील. आणि चर्चला गेले. पलंग चांगला सजू दे म्हणून मेणबत्तीही लावली. परत आले तर खाट कडक, गुळगुळीत, खळ घातलेल्या लॉजच्या चादरीची. गुरुवार धुण्याचा वार. नाझारेनाने तहाप्रमाणे खाटेवर जे होतं ते सगळं काढलं होतं आणि टेम्पो डोंगर उतरून गेला होता.

मी खाटेवर बसले आणि म्हटलं, आता मी इथेच राहीन, एर्सिलियाबाईंकडे भांडी घासेन, गावाला परत जाणार नाही. नाझारेनाने सगळं ऐकलं, पांढरी पडली, आणि मला दंडाला धरून उचललं. लाँड्री डोंगराच्या पायथ्याशी. उतरताना गुडघे रडतात आणि चढताना काळीज, हे मी तुम्हाला वेगळं सांगत नाही. तिथे वाफेत एक माणूस उभा, आणि त्याच्यामागे पांढऱ्या चादरींचा डोंगर, गावात जेवढी लॉजं तेवढ्या सगळ्यांच्या. तो म्हणाला, "आजी, सगळ्याच पांढऱ्या. कुठली तुमची?" मी बाह्या वर केल्या आणि डोळे मिटून हात घातला. सुती, सुती, सुती, आणि मग जवसाच्या सुताची थंड, जड, सासूबाईंच्या मागावरची. हाताने ओळखली, वन्सं. त्या माणसाने टोपी काढली. आणि वर सांगते, ती अशी पांढरी निघाली आहे की कडेचा तो पिवळा डाग, जो तुमच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या बाळंतपणात पडला आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे तुमच्या कॉफीचा होता, तो गेला. ते भांडण आता मिटलं असं समजा.

पण डोक्याकडच्या कोपऱ्यात, सासूबाईंच्या नावाच्या अक्षरांपासून वीतभर अंतरावर, काळ्या पक्क्या शाईत शिक्का. 'दोन पाकोळ्या लॉज'. बिनशिक्क्याची चादर सापडली की ज्याच्या गाठोड्यातून आली त्याचा शिक्का मारायचा, असा तिथला नियम, आणि ही शाई उकळूनही जात नाही असं तो माणूस अभिमानाने सांगत होता. एर्सिलियाबाईंना दाखवली तर त्या तोंडाला पदर लावावा तसा हात लावून म्हणाल्या, "घेऊन जा आजी, पण झाकून न्या. लोक म्हणतील पाहुणे माझ्या चादरी पळवतात." आणि तेव्हा मला कळलं की शनिवारी चार वाजता नवऱ्याकडच्या बायका पलंग पाहायला येतील, आणि नवरीची आजी 'खालून' आली आणि लग्नाची चादर लॉजमधून उचलून घेऊन आली, हे उर्बिनोत आयुष्यभर सांगितलं जाईल. तित्सियानाला त्या बायकांच्याच गल्लीत राहायचंय.

शुक्रवारी मी आणि नाझारेना धुण्याच्या खोलीत बसलो. पांढऱ्या दोऱ्याखालून शाई डोकावत होती, म्हणून निळा घेतला. शिक्क्यावर फूल काढलं, भरीव टाक्याचं, पाकळ्या माझ्या, पानं तिची. (ती विधवा आहे. मी कुणाला बोलले नाही. विधवेने नवरीच्या पलंगाला हात लावायचा नसतो, पण सुई धरायला कुठे मनाई आहे, असं मी ठरवलं. तुम्हीही तसंच ठरवा.) सगळी चादर पांढऱ्यावर पांढरी आणि एका कोपऱ्यात एकटं निळं फूल, जसं काही तिथे कुणी शाई सांडली. सांडलीच होती म्हणा.

आज चार वाजता तित्सियानाच्या नव्या घरी बायका आल्या, अकरा जणी. पलंग सजवायच्या दोघी, मी आणि नवऱ्यामुलाची आई वित्तोरिया, कारण दोघींचे नवरे हयात. (माझा पत्ते खेळत होता, पण हयात होता.) मी ठरवलं होतं की फुलाची बाजू माझ्याकडे ठेवायची. पण ती बाजू भिंतीकडची, माझं पोट तिथे मावेना, आणि वित्तोरिया काडीसारखी, ती सरळ आत शिरली. चादर पसरली. तिने फूल पाहिलं. आणि जे कुठलीही जाणती बाई करते तेच तिने केलं, कोपरा धरला आणि उलटी बाजू पाहायला वळवला. उलट बाजूला दोऱ्यांच्या मधून शिक्क्याचं अक्षर न अक्षर वाचता येत होतं. मी माझं टोक धरून नसलेल्या सुरकुत्या झटकत राहिले. वित्तोरियाने वाचलं. पुन्हा वाचलं. मग कोपरा सरळ केला, हाताने दाबून बसवला, आणि मागे उभ्या असलेल्या तिच्या दोघी बहिणींना म्हणाली, "काय हात आहे. उलटीकडूनही सुलट."

नंतर स्वयंपाकघरात कॉफी ओतताना मी तिला सगळं सांगायला तोंड उघडलं, तर तिने साखरेचा डबा पुढे केला. म्हणाली, "बाई गं, माझं लग्न पंचेचाळीसातलं. कापड कुठे होतं? माझ्या चादरीवर लष्करी दवाखान्याचा शिक्का होता, आईने त्यावर लेस शिवली. अडतीस वर्षं झाली. नवऱ्याला अजून वाटतं ती लेस शोभेची आहे." मग आम्ही दोघी हसलो, आणि मी थोडी रडलेही, पण ते गुडघ्यांमुळेही असेल. वन्सं, मी इतकी दमले आहे की टोपी घातलेल्या माणसाला खांब समजून टेकेन, आणि इतकी आनंदात आहे की तो हलला तरी रागावणार नाही. आपली पोर चांगल्या घरी पडली.

उद्या लग्न. तुमची आठवण सगळ्यांना सांगेन.

तुमची भावजय,
इन्कोरोनाता

ता. क. तुमचे बंधू आत्ताच आले, नमस्कार सांगताहेत आणि विचारताहेत की पलंग सजवायचा कधी आहे.

ता. क. आणखी एक. वित्तोरियाच्या दोघी बहिणींनी विचारलं, हे निळं फूल कुणी काढलं. मी उत्तर देणार तोच वित्तोरियाने मला वाचवायला म्हणून सांगून टाकलं, "नवरीच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीने, जेरार्दाताईंनी." (म्हणजे तुम्ही. तुमचं नाव तिने माझ्याच तोंडून दहादा ऐकलेलं.) दोघींच्या लेकींची लग्नं पुढच्या वर्षी आहेत. उशांच्या चार अभ्र्यांचं कापड आणि निळा दोरा माझ्याबरोबर पाठवताहेत, अगदी असंच फूल हवंय. मी हो म्हटलंय, तुमच्या वतीने. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

ता. क. शेवटचं. नाझारेनाला मधेच पायऱ्या पुसायला हाक आली होती, त्यामुळे डावीकडचं पान वाकडं गेलंय, शेंडा खाली. तुमच्या हातून असं कधी होत नाही हे अख्खा गाव जाणतो. पण त्या दोघींनी त्या पानावरून बोट फिरवून फिरवून पाहिलंय. तेव्हा वन्सं, मनाला मुरड घाला, आणि चारही अभ्र्यांवर डावं पान वाकडंच काढा.