‘आलेच’ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात

चि. सौ. धाकट्या जाऊबाईस थोरलीचे आशीर्वाद. (चिरंजीव लिहिलं म्हणून हुरळू नकोस, रीत असते.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढतेस की अजून कठड्याला लोंबकळतेस? भाऊजींचा खोकला? त्यांनी औषध घेतलं नसणारच, तेव्हा ते कळवायची तसदी घेऊ नकोस. इकडे शिलाई मशीन चालतंय, मीही चालतेय, आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते, मी फ्रेंच शिकतेय. हसून घे. मी थांबते.

झालं हसून? तर कारण आमची नात. तिची आई फ्रेंच बोलणारी, पाळणाघर फ्रेंच, आणि आमचे चिरंजीव ‘मराठी शिकवतो, शिकवतो’ म्हणता म्हणता स्वतःच मराठी विसरायला लागलेत. मग चार वर्षांच्या पोरीशी फोनवर बोलायचं कसं? म्हणून वाचनालयाच्या माडीवर वर्ग चालतो तिथे नाव घातलं. पहिली पायरी फटक्यात चढले. माझं नाव अमुक, मला सफरचंद आवडतं, मांजर टेबलाखाली आहे. तेवढ्या भांडवलावर आमचं दोघींचं छान चाललं होतं. मांजर रोज नव्या ठिकाणी असायची. घोड्याने पेंड खाल्ली ती पुढे.

एक दिवस पोरीने विचारलं, आजी तू कधी येणार? आता कुणी हाक मारली की आपण जन्मभर काय म्हणत आलो? ‘आलेच!’ हातात कणीक असो नाहीतर कात्री, आलेच. मी त्याचंच फ्रेंच केलं, ‘ज स्वी व्हन्यू.’ म्हणजे मी आले. पोर फोन टाकून पळाली. मला वाटलं, शू लागली असेल. फोनमध्ये नुसतं छत दिसत होतं आणि आवाज येत होते. आधी बाहेरचं दार उघडल्याचा, मग कपाटांचा, मग पलंगाखालून काहीतरी सरकवल्याचा. मला शोधत होती गं! परत आली, फोनमधल्या माझ्याकडे बघितलं, आणि जे भोकाड पसरलं! तेव्हापासून फोनवर येईना. मुलगा म्हणाला, ‘आई, ती म्हणते आजी खोटं बोलते.’ गिऱ्हाइकाला मंगळवार सांगून मी कधी बुधवारी कपडा दिला नाही, आणि मला हे ऐकावं लागलं.

म्हणून मधल्या वर्गात गेले, कारण काळ तिथे शिकवतात. तिथलं पुस्तक इंग्रजीवाल्यांसाठी, आणि माझं इंग्रजी दुकानापुरतं, लूज आणि टाइट. बाई फ्रेंचचं इंग्रजी करतात, मी इंग्रजीचं मराठी करते, तोवर वर्ग पुढच्या पानावर गेलेला असतो. बाकीचे रडतात की टेबल बाई का आणि पुस्तक पुरुष का. मी रडले नाही. आपली खुर्ची ती आणि टेबल ते, आपण कुणाला विचारायला गेलो होतो? भूतकाळ तर दोन दोन आहेत. एकात टाका घातला, दोरा तोडला, काम संपलं. दुसऱ्यात मशीन चालूच आहे, शिवत होते, शिवायचे, कधी थांबले ते विचारू नका. (बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, परीक्षेत असं लिहू नका.) आणि ‘मी आले’ बाईमाणसाने लिहायचं असेल तर शेवटी एक जादा अक्षर जोडायचं, जे कुणी उच्चारत नाही. काम करायचं आणि ते कुणाला ऐकू यायचं नाही. हे मात्र मला लगेच कळलं.

खरी गंमत भविष्याची. ‘मी येईन’ म्हणजे ‘ज व्ह्यँद्रे’. आणि ‘आले असते हो, पण जर...’ हेसुद्धा ‘ज व्ह्यँद्रे’च! लिहिताना एक अक्षर जास्त, बोलताना किंचित फरक. तो फरक बाईंच्या तोंडात आहे म्हणे, माझ्या कवळीत नाही. तरी आरशासमोर घोकलं, आणि मुलाला म्हटलं, बसव तिला समोर. बसली, पण पाठ फिरवून. मी म्हटलं, ज व्ह्यँद्रे. पाठ हलली नाही. मागून सूनबाईंनी फार अदबीने काहीतरी विचारलं. मुलगा म्हणाला, ‘आई, ती विचारतेय, जर काय?’

अगं, मी येईन म्हटलं होतं, त्यांना ‘आले असते’ ऐकू आलं! आणि ‘जर’ ऐकायला पोरही वळून बसली. तिघं माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी म्हटलं, गठ्ठा पडलाय कपड्यांचा. मुलाने त्याचं भाषांतरही केलं नाही. फोन ठेवल्यावर गठ्ठा बघितला तर दोन पँटी आणि एक उशीचा अभ्रा.

तेव्हापासून विचार करतेय. आपल्या ‘आलेच’मध्ये खोटं काही नसतं. म्हणणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, की हातातलं संपल्यावर येणार. पण ऐकणारा तो शब्द ऐकत वाढलेला लागतो. ही पोर शब्द धरून दारापर्यंत गेली. तिच्यापुढे ‘आलेच’ चालत नाही. तिथे कधी ते सांगावं लागतं, नाहीतर जर काय ते.

असो. फार लिहिलं. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
थोरली जाऊ

ता. क. : तू लेकीकडे विमानाने जाऊन आलीस आणि वर्षभर त्या पट्ट्याचं नि इवल्याशा चमच्याचं पुराण लावलंस, तेव्हा मी म्हटलं होतं, विमान म्हणजे काय, उडणारी बस. अजूनही तेच म्हणते. फक्त बसमध्ये ड्रायव्हरला ‘थांबव बाबा, उतरते’ म्हणता येतं.

ता. क. दुसरा : सुरुवातीला गुडघ्याची चौकशी केली ती उगाच नव्हती. फ्रेंच लोक ‘जर’नंतर तो मशीन चालू असलेला भूतकाळ घालतात. बाईंकडून तपासून घेऊन मी पोरीला अख्खं वाक्य सांगितलं, धाकटी आजी बरोबर आली तर मी येईन. आता ती फोनवर येते, पण मांजरीचं नाव काढत नाही. रोज विचारते, धाकटी आजी काय म्हणाली?

तेव्हा लगेच कळव. आणि हे बघ, ‘आलेच’ लिहू नकोस. तारीख लिही.