दादाची शिफारस

८ सप्टेंबर

प्रकाशनाच्या मालकांनी माझ्या बाराव्या कादंबरीचं हस्तलिखित परत पाठवलं — न वाचताच! आतलं नंतर बघू म्हणाले, आधी पहिल्या पानाचं काय ते सांगा. आमच्या धंद्यात पहिल्या पानावर चर्चच्या एखाद्या पाळकाची शिफारस लागते. 'हे पुस्तक विश्वासात दृढ करील' वगैरे. ती नसेल तर उपासनेनंतर चर्चबाहेर पुस्तकांचं जे टेबल लावतात, त्यावर जागा मिळत नाही. आणि त्या टेबलांखेरीज माझी पुस्तकं कुठेच खपत नाहीत. अकरा वेळा ज्यांनी डोळे मिटून शिफारस लिहून दिली, ते म्हातारे पाळकसाहेब उन्हाळ्यात गेले. फार चांगला माणूस. एकही पुस्तक वाचलं नाही, तक्रारही केली नाही.

"तुमचे सख्खे भाऊ पाळक आहेत ना? मग काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?" मालक फोनवर म्हणाले. वर हेही म्हणाले, की शिफारस नसेल तर मालिका इथेच थांबवू.

मालकांना माझा दादा माहीत नाही.

९ सप्टेंबर

पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! अकराही पुस्तकं दादाला दिली, दर वेळी सही करून. तो घेतो, उलटसुलट करून बघतो, 'छपाई सुबक आहे' म्हणतो. पुढे अवाक्षर नाही. त्याच्या बैठकीतल्या कपाटात जाडजूड धर्मग्रंथ ओळीने उभे. माझं एकही नाही.

११ सप्टेंबर

मालकांनी वाचलं नाही, पण त्यांच्याकडच्या संपादिकाबाईंनी वाचलंय; त्यांचे कागद आले. 'सैतान हसला' याचं 'सैतान कुत्सितपणे हसला' केलंय. सैतानाने मनापासून हसायचं नाही! नायकाने सिगारेट ओढायची नाही, कुणी कुणाचं चुंबन घ्यायचं नाही, आणि शेवटच्या प्रकरणात प्रार्थना झाली की दुष्टात्मा निघालाच पाहिजे. अकरा पुस्तकं माझा लंगडा पाळक घराघरांतून भुतं हाकलतोय. एकदा तरी हरू दे बिचाऱ्याला!

साहित्यिक मंडळी मला भुताटकीवाला म्हणतात. चर्चमधले म्हणतात, मसाला फार घालतो. ना इकडचा, ना तिकडचा.

१२ सप्टेंबर

शुक्रवारच्या उपासनेनंतर टेबलावर सह्या करत होतो. एका बाईंचा फ्रिज कण्हतो. कुठली प्रार्थना म्हणू, विचारत होत्या. मेकॅनिकला बोलवा म्हटलं. पुस्तक ठेवून निघून गेल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

गेलो. नाक मुठीत धरून गेलो. उपासना संपल्यावर दादा मागच्या खोलीत झगा उतरवत होता. चार ओळी लिहून दे म्हटलं. हवं तर मीच लिहितो, तू फक्त सही कर.

"नाही जमायचं," म्हणाला. कारण विचारलं तर बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "तुझ्या पुस्तकांत सैतान छान बोलतो. देवाला एकही वाक्य नाही."

म्हणजे न वाचता हे ठरवलं! माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुझ्याशी बोलतो ना तो? मग त्याची वाक्यं तूच लिहून दे."

तो झग्याची नीट घडी घालत राहिला. वहिनी चहा घेऊन आली, तोवर मी बाहेर पडलो होतो.

१५ सप्टेंबर

लहानपणापासून हेच. तो गुणी, मी उपद्व्यापी. त्याचा देव खरा, माझा पोटापाण्याचा. आता पोटापाण्याचाही राहिला नाही.

खरं तर त्याच्याच तोंडावर सांगायला हवं होतं — बाबा रे, मी विश्वास विकतो, वापरत नाही. हलवाई कुठे रोज पेढे खातो? आई गेली तेव्हा शेवटची प्रार्थना केली. ती कुठे पोचली नाही. पण हे घरात फक्त हिला माहीत आहे.

१८ सप्टेंबर

शेवटचं प्रकरण फाडलं. नव्याने लिहितोय. लंगड्या पाळकाला दादाचा चष्मा दिला, दादाचं प्रार्थनेआधीचं खाकरणं दिलं. आता बघतो तुला!

२५ सप्टेंबर

झालं. पाळक आजारी पोरीच्या उशाशी बसतो. चष्मा पुसतो, खाकरतो, प्रार्थना करतो. आमेन म्हणतो. आणि काहीच होत नाही. पोर तशीच तळमळते. सैतान हसतसुद्धा नाही, कुत्सितपणेही नाही. मग पाळकाच्या लक्षात येतं, की या खोलीत, आणि आजवरच्या कुठल्याच खोलीत, माणसांखेरीज कुणीच नव्हतं.

इतकं चांगलं मी आजवर लिहिलेलं नाही. रागाच्या भरात माणूस खरं लिहितो की काय!

हिने वाचलं. पानं खाली ठेवली आणि म्हणाली, "छापायचं तर छापा. पण हे भाऊजींना दाखवू नका."

२६ सप्टेंबर

दाखवलं. दारातच वहिनीच्या हातात दिलं. म्हटलं, शिफारस नको, या खेपेला नुसतं वाच म्हणावं. जखमेवर मीठ चोळायला स्वतः गेलो आणि येताना शीळ घालत आलो.

१ ऑक्टोबर

काही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

तोंड बघायला मुद्दाम उपासनेला गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. दादाने नेहमीसारखा उपदेश केला, नेहमीसारखा खाकरला. माझ्याकडे बघितलं नाही. वाचलंच नसणार. कागद कुठेतरी बांधून ठेवले असतील. पालथ्या घड्यावर पाणी.

७ ऑक्टोबर

सकाळी दादा आला. एकटाच. काल राजीनामा दिला म्हणाला. मला वाटलं तब्येत बिघडली. पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही.

कित्येक वर्षं प्रार्थनेला बसलं की समोर कुणी नसतं, म्हणाला. वहिनीलाही कधी सांगितलं नाही. मग शनिवारी माझं एखादं पुस्तक काढून शेवटचं प्रकरण वाचायचा. "मला वाटायचं, माझा भाऊ इतक्या ठामपणे लिहितो, म्हणजे त्याला तरी कुणी भेटलं असणार. त्याच्यावर रविवार निघायचा. शिफारस कुठल्या तोंडाने लिहू मी?"

मग चष्मा काढून माझ्याकडे बघत विचारलं, "म्हणजे तुलाही कुणी नव्हतंच भेटलं?"

भेटलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर खोटं लिहीत आलो. तेवढं एक खोटं मला बोलता आलं नाही.