खुर्चीला लागलेली कीड

४ जानेवारी
आलो एकदाचा! जुन्या फर्निचरच्या दुकानावरचीच खोली मिळाली. जिना उतरलं की कामावर. खिडकीतून ऊन येतं, जिन्याला पॉलिशचा वास आहे आणि मालक दिलदार माणूस. घरोघरी जायचं, जुनं सामान हेरायचं, गोड बोलून आणायचं, एवढंच काम. म्हणाले, जिभेवर साखर ठेव, बाकी मी बघतो. आईला कळवून टाकलं, लेक मार्गी लागला.

९ जानेवारी
पहिलीच शिकार! टेकडीखालच्या घरात एक निवृत्त मास्तरीणबाई एकट्या राहतात. त्यांच्याकडे शिसवी आरामखुर्ची; हातांवर कोरलेली वेल, कुठे टवकासुद्धा उडालेला नाही. यजमानांची आठवण, विकायची नाही म्हणाल्या. मी खुर्ची ठोकून पाहिली, मान हलवली. आतून कीड लागलीय म्हणालो, वरून दिसत नाही, पण पार भुसा झालाय.
बाईंचा चेहराच पडला. इतकी वर्षं पाहुण्यांना हिच्यावर बसवलं, बाळा, मला कळलंच नाही रे, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. माफी मागितली, माझी! वर, कीड पसरू नये म्हणून आपली चादर गुंडाळून दिली. खुर्ची फुकटात.
मालकांनी पाठ थोपटली. मी मात्र ती चादर घडी करून उशाशी ठेवली.

१२ जानेवारी
खुर्चीखाली पिवळसर भुशाची बारीक रेघ. दुकानातल्या पॉलिशवाल्याने खुर्ची उलटी करून तपासली. ठणठणीत, एक भोक नाही. मग भुसा कुठला? तुझ्याच खिशातून सांडला असेल, असं म्हणून तो हसला. मीही हसत खिसा झटकला.
सांडला.

१५ जानेवारी
मी टेकतो तिथे भुसा. उशीवर, ताटाजवळ, या पानावरसुद्धा. आणि सतत काहीतरी कुरतडल्याचा आवाज. पॉलिशवाल्याला तो ऐकू येत नाही. मी कानांत बोटं घातली की वाढतो.

१७ जानेवारी
खुर्ची घेऊन बाईंकडे गेलो. खरं काय ते सांगून टाकणार होतो. घर रिकामं. पलंग, कपाट, टेबल, सगळ्याची अंगणात राख. एकाला लागली म्हणजे सगळ्यांना लागलीच असणार, बाई म्हणाल्या. लेकीचा पाळणासुद्धा आगीत घातला. सतरंजीवर बसून मला हात जोडले. तू होतास म्हणून कळलं, बाळा.
मी तो नमस्कार घेतला. खुर्ची तशीच परत आणली. थू माझ्या जिनगानीवर.

१९ जानेवारी
बोलायला जातो तर खरखर — शब्दाऐवजी तोंडातून भुसाच — मालकांनी मान फिरवली. पॉलिशवाला आलाच नाही.

२० जानेवारी, दुपार
मालक जेवायला गेलेत. मास्तरीणबाई आल्यात. त्यांची खुर्ची आणखी कुणाच्या घरात जाऊ नये, म्हणून जाळायला.
बोलता येईना. वहीत लिहून पुढे केलं: खुर्चीला कीड नव्हती, मी खोटं बोललो. चष्मा घरी राहिला, म्हणाल्या.
माझ्या ओठांवरचा भुसा दिसला त्यांना. रुमालाने टिपला. अरे बाळा, तुलाही लागली? माझ्या खुर्चीपायी? —
रडतायत. दाराला आतून कडी — पिशवीतून रॉकेलची बाटली —
उठावं तर पायांत काही उरलंच — पोकळ —
केसांवरून हात फिरवतायत. घाबरू नकोस म्हणतायत, डोळे मिट म्हणता—