दाराबाहेरचं घुंघुं

सोमवार, ४ ऑगस्ट
विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात आज नवी कौन्सेलर रुजू झाली. शेजारची खोली तिची. वयाने माझ्या धाकट्या मेव्हणीएवढी. मी सीनियर, तेव्हा मोठ्या मनाने स्वागत केलं आणि तिच्या खोलीतली बरी खुर्ची माझ्याकडे आणून घेतली.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
तिच्या दारासमोरचा बाक भरलेला. माझ्याकडे शुकशुकाट. मुलं नव्याला भुलतात, परीक्षा आली की अनुभवाकडे वळतील. मला हेवा वगैरे वाटत नाही. हेव्यावर वर्कशॉप मीच घेतो.

मंगळवार, १२ ऑगस्ट
तिच्या खोलीतून एक मुलगा चक्क हसत बाहेर आला. हे समुपदेशन की करमणूक? बायकोला सांगितलं. तिने विचारलं, तुमच्याकडून कधी कोण हसत बाहेर आलंय? मुद्दा तो नाही, असं म्हणून ताटावरून उठलो.

गुरुवार, १४ ऑगस्ट. दुपार.
सुचलं. आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक दाराबाहेर घुंघुं करणारं एक यंत्र असतं. ते चालू म्हणजे आत सेशन, दार वाजवायचं नाही. माझं आजपासून दिवसभर चालू. आत मी आणि शब्दकोडं.

सोमवार, १८ ऑगस्ट
नवी स्वतः म्हणाली, सर, तुम्ही किती मुलं बघता हो. मी थकल्यासारखा हसलो. आठवडा सार्थकी लागला.

बुधवार, २७ ऑगस्ट
तिचा बाक आणखी भरलाय. डेस्कवरच्या काकूंना विचारलं. म्हणाल्या, सर कायम बिझी, म्हणून येईल त्याला मॅडमकडे पाठवते. डोकं धरून बसलो. पण यंत्र एकदम बंद केलं तर तिला संशय येईल. सोमवारी करू.

शुक्रवार, २९ ऑगस्ट
आर्किटेक्चरवाली विद्यार्थिनी आली होती. वडील गेल्यापासून माझ्याकडेच येते. खरं सांगायचं तर नेमाने येणारी तेवढी एकच. दाराबाहेर रडत थांबली होती म्हणे. घुंघुंमुळे मला काही ऐकू आलं नाही. शेवटी नवीने तिला आत नेलं. ऐकून शब्दकोडं खणात टाकलं. पण माझ्याकडे येणारी मुलगी परस्पर नेणारी ही कोण?

सोमवार, १ सप्टेंबर
यंत्र बंद. आर्किटेक्चरवाली जिन्यात भेटली. म्हणाली, सर, तुमच्यावर आधीच एवढा भार, मी आता मॅडमकडेच जाईन. मी म्हटलं, छान. छान कसलं.
डायरेक्टरांनीही बोलावलं. तुम्ही फार ओढलेले दिसता, स्वतःसाठी एक सेशन घ्या, म्हणाले. कोणाकडे? केंद्रात आम्ही दोघंच.

गुरुवार, ४ सप्टेंबर
गेलो. तिचं तंत्र तपासायचं, आपण काही बोलायचं नाही, असं ठरवून. तिने एवढंच विचारलं की ती मुलगी आता येत नाही, कसं वाटतं? मग तासभर मीच बोललो. यंत्राचंही सांगून टाकलं. रडलोसुद्धा. ती हसली नाही, शिकवलं नाही, मध्ये बोलली नाही.
बाई खरंच चांगली आहे. हे कळल्यापासून जास्तच जळतोय.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
तिची पुढची वेळ हवी होती. डेस्कसमोर उभं राहायची लाज वाटली, म्हणून खोलीतूनच फोन केला. काकूंनी आवाज ओळखला नाही. म्हणाल्या, मॅडमकडे महिनाभर जागा नाही, शेजारचे सर हल्ली रिकामेच असतात, ते चालतील का?
म्हटलं, नको. महिनाभर थांबतो.