पंढरीने गव्हाचं पीठ कशाला घेतलं

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार

पंढरी आला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मी कातळावर एकटा. भातसा धरणाचं पाणी काठोकाठ, गाळ खाली बसलाय, वारा नाही — अशा दिवशी गळ न टाकणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर त्याच्या मनात काहीतरी असतं. मळे जातीचे दोन मासे मिळाले, वीतभर. एक रोहू काठापर्यंत आला आणि ओठ फाडून घेऊन गेला. पलीकडच्या काठाला मुंबईवाल्यांची जीप. रीळवाले दांडे, छत्र्या, खुर्च्या, थर्मास. त्यांना दुपारपर्यंत चार रोहू, शेंगदाण्याच्या पेंडीवर. माझी गांडुळं कोणी हुंगतही नव्हतं.

येताना पंढरीच्या घरावरून आलो. ओटीवर बसला होता. "नातीला ताप हाय रे सावळा. उतरतच नाय." ताप सगळ्यांच्या पोरांना येतो. दिवाळीचं तेलकट खाल्लं की येतोच. रीतीप्रमाणे एक मळा त्याच्यापुढे धरला — मिळेल त्यातला अर्धा वाटा दुसऱ्याचा, हे आमचं पहिल्यापासून. घेतला नाही. "मासळी नको आता घरात." पंढरीच्या तोंडी हे वाक्य! मला तिथेच खटकलं.

१७ नोव्हेंबर, बुधवार

चहापत्ती आणायला गेलो तर वाणी म्हणाला, तुमचा दोस्त पाच किलो गव्हाचं पीठ घेऊन गेला. आता पंढरीच्या घरी दोन्ही वेळ भात. चपाती लाटायची ती पाहुणा आला तर, आणि तीसुद्धा गिरजावहिनी लाटणार म्हणजे चार कोपऱ्यांची. पाच किलो पीठ खायला नेलेलं नाही. कणकेच्या गोळ्या करायला नेलंय. गळाला लावायला!

घरी बायकोला, जनाला सांगितलं. म्हणाली, "पोरीला चपाती सांगितली आसंल डाक्तरानं." त्याची सहा वर्षांची नात मनस्वी पाच किलो चपात्या खाणार? जना जगात सगळ्यांबद्दल चांगलं बोलते. मला तेवढं वगळून.

तीन ब्लाउज द्यायचे राहिलेत. एकाची बाही उलटी जोडली आज.

२० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सहाला जाऊन करवंदीच्या जाळीमागे बसलो. चोरासारखं वाटलं. पण बसलो.

पंढरी आला. हातात पितळी डबा. काठी नाही, गळ नाही, काही नाही. कातळाच्या टोकाला उकिडवा बसला आणि बोराएवढ्या गोळ्या एकेक करून पाण्यात सोडायला लागला. ओठ हलत होते — मोजत होता. पाचेक मिनिटांत पाणी खळबळायला लागलं. मळे, रोहू, कोलांट्या नुसत्या. आणि मग तो आला. कटला. पाठ पाटाएवढी, शेपटीचा वरचा तुकडा नाही. दोन वर्षं मी ह्याच्या मागे आहे. दोनदा माझी दोरी तोडून गेलाय. तो पंढरीच्या हाताशी येऊन गोळी उचलून गेला, घरच्या मांजरासारखा.

म्हणजे जागा बांधतोय. रोज एका वेळी, एका ठिकाणी खायला घालायचं, पंधरा-वीस दिवस गळ दाखवायचा नाही, की मासा शाळेच्या पोरासारखा वेळेवर हजर होतो. ही युक्ती मला त्यानेच शिकवली. तेव्हा दोघे मिळून गोळ्या टाकायचो. आता एकटा, आणि मला सांगतो ताप.

२१ नोव्हेंबर, रविवार

पाणी हातभर उतरलं. दिवसभर बसून काहीच नाही. पोट भरलेले मासे काय गळाला लागणार!

२५ नोव्हेंबर, गुरुवार

पंढरी दुकानावरून गेला. मी मुद्दाम हाक मारली, "रविवारी येणार का गळाला?" थांबला नाही. "नाय रे. अजून काय दिवस जमायचा नाय." काही दिवस! दिवस मोजून ठेवलेत म्हणजे. दाढी वाढलीय, डोळे आत गेलेत. पहाटे उठून लबाडी करायची तर झोप कुठून मिळणार.

२८ नोव्हेंबर, रविवार

आता सगळं कळलं. मुंबईवाल्यांची जीप पंढरीच्या दारात! मी वळणावर उभा होतो. पंढरी पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि जीप निघाली. वीस वर्षं आम्ही तो कातळ कोणाला दाखवला नाही. सख्ख्या मेव्हण्याला मी खोटी जागा सांगितली होती. आणि हा ती रीळवाल्यांना विकतोय. मोठा कटला त्यांच्या दांड्याला लागणार, फोटो निघणार.

जेवण गेलं नाही. मला पैशाचं नाही वाटत. मला विचारलं का नाही, हे खातंय.

२९ नोव्हेंबर, सोमवार

जना पाण्यावरून बातमी घेऊन आली. पोर काल फार अत्यवस्थ झाली होती, जीपवाल्यांनीच मागच्या सीटवर झोपवून शहापूरला दवाखान्यात पोचवली. रक्त तपासलं. टायफॉइड. सुया देऊन घरी पाठवलं.

असेल. खोटं म्हणत नाही. पण मुंबईचा माणूस उगाच शहापूरपर्यंत जीप पळवतो? बदल्यात त्याने काय मागितलं असेल ते मला विचारा. "तुमच्या मनात काय शिवलंय ते उसवा आदी," जना म्हणाली.

पोरीला बघायला जायला हवं होतं. गेलो नाही.

२ डिसेंबर, गुरुवार

पंढरी अजूनही रोज सकाळी कातळावर. मी जाळीमागे. मासे आता त्याची पावलं ऐकूनच येतात. रविवारी जीप येणार. त्याच्या आत काय ते करायला हवं.

४ डिसेंबर, शनिवार

मिळाला!

पंढरी साडेसहाला डबा घेऊन परत फिरला. मी दहा मिनिटं थांबलो आणि त्याच्याच जागेवर, त्याच्यासारखाच उकिडवा बसलो. जाड दोरी, मोठा गळ, वर कणकेची गोळी — पीठ मीही आणलं होतं. गळ टाकायचा अवकाश. कटल्याने गोळी तोंडात घेतली ती अगदी विश्वासाने, न ओढता. मग मात्र अर्धा तास. बोटं कापली, गुडघा फुटला, एकदा कमरेइतक्या पाण्यात गेलो. शेपटीचा तुकडा नसलेला तोच. नऊ किलोला कमी नाही.

पिशवीत घातला, वर अस्तराचं कापड टाकलं आणि मागच्या वाटेने घरी आलो. कोणी बघितलं नाही.

जनाने विळीवर घेतला तेव्हा पोटातून कणीक निघाली, मूठभर. ती धुऊन टाकली. तुकडे करताना ती म्हणाली, "पंढरीभावजींचा वाटा काढते." नको म्हटलं. "डोकं तरी?" डोकंही नको. तिने वर बघितलं नाही. तिखट घालून कालवण केलं, मी चार तुकडे खाल्ले. अर्धं मीठ लावून ठेवलं.

५ डिसेंबर, रविवार

दोन वर्षांची इच्छा पुरी झाली. आनंद व्हायला हवा होता. दिवसभर घरात बसलो. जीप आली, पण पलीकडच्याच काठाला गेली, नेहमीच्या जागी. आमच्या कातळाकडे कोणी फिरकलं नाही.

मग त्याने जागा विकली नाही? की मासा नाही म्हणून कळवलं?

६ डिसेंबर, सोमवार

पंढरी दुकानात आला. दाढी केलेली. फ्रॉकचं कापड पुढे ठेवलं. माप विचारलं तर म्हणाला, "उद्या पोरीलाच आणतो. चालत येईल ती." मग बाकावर बसला आणि सांगत सुटला. त्याच्या धसईच्या मामाने उपाय सांगितला होता. एकवीस दिवस देवाचं नाव घेऊन माशांना कणकेच्या गोळ्या. घरात मासळी नाही, हातात गळ नाही, आणि पुरे होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. "तुलापन नाय सांगितला. जीव तुटत होता." काल एकविसावा दिवस.

"आपला तो मोठा कटला रं, हातातनं खायचा. शनिवारी सकाळला दिसला तो शेवटचा. दुपारी पोरीचा ताप उतरला, तो परत चढला नाय. पीडा घेऊन गेला रे तो तिची. कुठं गेला आसंल?"

मी टेप गुंडाळत राहिलो. खोल पाण्यात, म्हटलं.

रात्री जेवायला बसलो. जना विचारते, खारवलेल्यातले दोन तुकडे तळू का.