धरणावरची पहिली फेरी

कोल्हार, सोमवार दुपार

प्रिय अहो,

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी कागदावर तुमचं नाव लिहायला हात धजत नाही, म्हणून असंच लिहिते. हसा हवं तर. पण हसून झालं की खाडीच्या काठाला कुठेतरी सावली बघून एकटेच बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

घर बरंचसं आवरत आलंय. गाय भाऊजींच्या गोठ्यात गेली. पहिल्या दिवशी दावं तोडून परत आली होती, आता रुळली म्हणे. आत्याबाई या आठवड्यात वन्संकडे खर्ड्याला जातील. स्वयंपाकाचं सामान बांधताना मात्र माझी फजिती झाली. नावेतल्या ओट्याखाली तुम्ही कपाट एवढुसं केलंय, की परात काही केल्या त्याच्या मापात बसणार नाही. शेवटी परात ठेवून दिली, ताटलीत मळू, भाकरी लहान करू. बाजरीचं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यांत भरलंय, समुद्राच्या हवेनं कोंदट वास लागू नये म्हणून. दिशाने हॉस्टेलवर जाण्याआधी गाद्यांच्या खोळींवर मेण लावलेलं कापड शिवून दिलं. तुमची पोर, काम अर्धं सोडणार नाही.

आत्याबाईंचं मात्र दिवसभर एकच चालू असतं. मी डबे भरते आणि त्या उंबऱ्यात बसून म्हणतात, “आगं, पान्याला कुंपन न्हाई, बांध न्हाई. नवरा म्हनला म्हनून निघाली व्हय तू?” मी म्हटलं, “नाही आत्या, मलाही जायचंय.” खरं सांगते, मीच दचकले. तोवर हे मी असं मोठ्यानं कधी कुणाला बोलले नव्हते.

तुम्ही जहाजावरची फिटरची नोकरी सोडून आलात, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फायबरच्या टाक्या बनवायला लागलात, तेव्हा मला वाटलं होतं, आता समुद्र सुटला. मग टाक्यांच्या शेजारी त्या दोन लांबलचक होड्या दिसायला लागल्या. उसाच्या गावात जोडनाव! लोक पारावर बसून हसायचे. त्या रसायनाचा वास आमटीला लागायचा. मी आधी चिडायचे, मग कधी तुमच्याबरोबर पॉलिशपेपर घासायला बसले ते कळलंच नाही. एका होडीत आपली निजायची जागा, दुसरीत चूल, मध्ये जाळी, वर शीड. थंडीभर कारवारपर्यंत हळूहळू जायचं, जिथं आवडेल तिथं नांगर टाकायचा. हे सगळं तुमच्याइतकंच माझंही झालंय. म्हणूनच पुढचं लिहिणं अवघड जातंय.

मुळा धरणावर पहिली फेरी घेतली, तो दिवस आठवा. होड्या उसाच्या ट्रेलरवर नेल्या होत्या, काठावर निम्मं गाव जमलं होतं. तुम्ही मला सुकाणू शिकवलंत: दांडी ज्या बाजूला ढकलायची, तिच्या उलट बाजूला नाव वळते. मी दोनदा चुकले, मग जमलं. नंतर दांडी तुम्ही घेतलीत. वारा चांगला भरला, दिशा पुढे जाळीवर पाय सोडून बसली होती, धरणाची दगडी भिंत जवळ येत होती. मी म्हटलं, वळवा आता. तुम्ही वळवली नाही. मी ओरडले. मग तुमच्याकडे बघितलं. डोळे उघडे होते, दांडीवर हात होता, आणि अहो, तुम्ही तिथं नव्हता. ओठ तेवढे हलत होते, काही चघळत असल्यासारखे.

दिशा हसत समोर बघत होती, तिला वाटत होतं बाबा गंमत करतायत. मी तुमचा हात बाजूला सारून दांडीवर अंग टाकलं, शिडाची दोरी सोडली. नाव वळली, पण उजवी होडी दगडांना घासलीच. मग तुम्ही भानावर आलात, इकडेतिकडे पाहिलंत आणि म्हणालात, “वारा फिरला वाटतं.” काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते. वारा फिरला नव्हता. मी घासलेल्या जागेवरून हात फिरवत होते आणि तुम्ही भेळ मागवत होता.

पुढे शेडमध्ये तसंच झालं. हातात ग्राइंडर चालू, पातं फिरतंय, आणि तुमची नजर शून्यात. मी धावत जाऊन बटण बंद केलं. तुम्ही म्हणालात, सकाळपासून उपाशी आहे. त्यानंतर मी डॉक्टरीणबाईंकडे एकटीच जाऊन आले. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय आजाराला नाव देणार नाही, पण ही फिटचीच एक तऱ्हा असू शकते. बहुतेकांचं औषधांनी आवरतं. तोवर गाडी चालवायची नाही, उंचावर चढायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही. त्यांच्याकडे नेण्याचं ठरवलं, तर तुम्ही ट्रेलर मिळाला म्हणून होड्या घेऊन माळशेज उतरलात. फोनवर विषय काढला, की मला भरतीच्या वेळा सांगता, नाहीतर फोन गोरक्षनाथच्या हातात देता.

आज सकाळी तोच गोरक्षनाथ टेम्पो घेऊन शेवटचं सामान न्यायला आला. इतकी वर्षं वर्कशॉपात तुमच्या खांद्याला खांदा लावून राबला, उद्या नावेवरही तिसरा तोच. त्याला अंधारात ठेवून समुद्रावर न्यायचं मला पटेना. गाद्या चढवून झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो टेम्पोच्या फाळक्यावर बसला. म्हणाला, “वैनी, मी बी बगितलं हुतं. परवा खाडीत. भाऊ दोरी धरून नुस्तं हुभं. नाव निगाली सरळ मच्छीवाल्यांच्या जाळ्यावर. मी हाका मारल्या, वळखच न्हाई. मला वाटलं, इचारात हायेत.” त्याचे डोळे भरले होते. “मी आता नांगर उचलनार न्हाई. भाऊनी मारलं तरी न्हाई.”

म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही मला हसवाल आणि मी हसेन, याची मला भीती वाटते. तुम्ही टेम्पोबरोबर मागवलेलं सगळं सामान पाठवतेय, एक वस्तू सोडून. दोन्ही सुकाणूंना जोडणारी दांडी, जी तुम्ही आज टेम्पोतून इथं नीट करून घ्यायला पाठवलीत, ती माझ्या पलंगाखाली आहे आणि तिथंच राहील. तिच्याशिवाय नाव हलणार नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी वेळ दिली आहे. त्या सांगतील ते ऐकू, मग ती दांडी घेऊन मी तुमच्याबरोबर घाट उतरेन. महिना लागो की वर्ष, मी थांबेन. आणि तुम्हाला कधीच परवानगी मिळाली नाही, तर सुकाणू मी धरेन, तुम्ही शेजारी बसून वाट सांगा. पण तुमच्या हातात नाव देऊन तुम्हाला डोळ्यांदेखत घालवणार नाही. रागवा, बोलू नका, चालेल. फक्त तिथून मोटारसायकलवर निघू नका. टेम्पो रिकामा झाला की गोरक्षनाथच्या शेजारी बसून या.

तुमचीच,
राजनंदिनी