आभाळाच्या उबेवर विरजण

पौष, मंगळवार. संध्याकाळ, खोलीवर.

दिवसभर हात सुरतेत चालत होते, मन कोडोलीत. तिथं घरी माझा जुना कंप्युटर चालू असतो. एक प्रोग्राम जगभरच्या लोकांच्या रिकाम्या कंप्युटरांना आभाळातले आवाज तपासायचं काम वाटून देतो. त्यातलाच एक वाटा माझ्या डबड्याला. इथनं लॅपटॉपवरून मी ते काम चालू-बंद करतो.

काल बंदच केलं. खोलीतला शाहूवाडीचा सदा म्हणाला, "नववीतनं पळालास, आन् आता तारं हुडकतोयस व्हय?" झोंबलं. म्हटलं, कायमचंच काढून टाकावं. माझ्या वाट्याची कोण वाट बघतंय?

आत्ता आईचा फोन. "आरं, तुझं डबडं गार पडलंय की! रातचं विरजण लागलंच न्हाई."

"डबड्याचा आन् दह्याचा काय संबंध?"

"थंडीत भांडं त्याच्यावरच ठेवतोय की मी. ऊब असतीया. वरडशील म्हणून बोललो न्हाई."

हसलो. एवढे दिवस त्या भांड्याखाली आभाळ तापत होतं! आईला फोनवर थांबवून काम पुन्हा चालू केलं.

"पंखा घुमाय लागला बघ," आई म्हणाली.

"मग ठेव भांडं."

आत्ता कुठला तरी लांबचा आवाज आमच्या दुधाखालनं सावकाश चालला असेल. काढून टाकायचं मनातनं गेलं.

सदा विचारतोय, "गावला का तारा?"

म्हटलं, सकाळी आईला विचारून सांगतो.